शेण ताजंच बरं

२ जून
यवतमाळच्या सेंद्रिय शेती शिबिरातून परत. डोळे उघडले. जमीन मेली आहे, तिला जिवंत करणारा माणूस हवा. तो मीच. दारव्ह्याचं मोबाइलचं दुकान बुडालं ते एका अर्थी बरंच झालं. आजवर वावर बायकोने, तानाबाईने, एकटीने केलं. यंदा माझ्या हाती दे म्हणालो.  तिने एक हंगाम दिला. दुकानानंतर माझ्यावर कोणी विश्वास टाकलेला नाही. चुकायचं नाही.

५ जून
तानाबाई म्हणते, शेणखत कुजलेलं पाहिजे. घरी दोनच ढोरं, उकिरडा रिकामा. थांबायला मी काय सरकारी खातं आहे? भाजी ताजी घेतो, दूध ताजं घेतो, शेणच शिळं कशाला? गोठेवाल्याकडून ओलं शेण आणून पसरलं. शिबिरात जेवणानंतर कुजवण्यावर काहीतरी सांगत होते. तेव्हा जरा डोळा लागला होता.

३ जुलै
पऱ्हाटी जोमात. यंदा कापूस घरात मावणार नाही. स्टेटस ठेवला: विषमुक्त शेती.

९ ऑगस्ट
माती उकरून पाहिली. पांढऱ्या, लठ्ठ अळ्याच अळ्या. जमीन जिवंत झाली! फोटो ग्रुपवर टाकला. शेजारच्या विठ्ठलरावांचा लगेच फोन. म्हणे ही हुमणी, कच्च्या शेणातून आली, मुळं खाते. जुने लोक.

१४ ऑगस्ट
काही झाडांनी माना टाकल्या. ऊन. शिवाय बियाणं. शिवाय विठ्ठलरावांची नजर.

१९ ऑगस्ट, दुपार
एक झाड सहज ओढलं, हातातच आलं. मूळच नाही. पुढचंही तसंच. दोन्ही परत मातीत खोचली. तानाबाईला काय सांगू? पोळा तोंडावर आहे, सण कशाला नासवायचा.

२४ ऑगस्ट
पोळा झाला. आता गणपती बसले की सांगेन. शिबिरवाले फोन उचलत नाहीत.

२६ ऑगस्ट
तानाबाई स्वतःच वावरात जाऊन आली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पाय धुतले आणि म्हणाली, "वावर मले वापस द्या. ढोरायचं तुमी पाहा."
पुढच्या वर्षीच्या गांडूळखताचा प्लॅन तयार होता. कागद घडी करून खिशात घातला. लाज वाटली.

२७ ऑगस्ट, सकाळ
तानाबाई वावरात गेली. जाताना एकाच माणसाची भाकर बांधली. बरोबरच आहे, मी आता घरीच असतो.