लेकीची फळी

अप्पा, ओढ्यावरच्या आपल्या बंधाऱ्याला आता सिमेंटची भिंत आणि लोखंडी झडप झालीय. फळ्या गेल्या. काल तिथं उभी होते तर नात विचारते, "आज्जी, लेकीची फळी म्हंजे काय गं?" घ्या! जिच्यापायी मी उभा जन्म मनात कुढले, ती ह्या पोरीला ठाऊकच नाही.

दिवाळी सरली की आपल्या वरच्या नि खालच्या, दोन्ही वाड्यांची माणसं चिखल-पेंढा घालून फळ्या बसवायची आणि सगळ्यात वरची सैल ठेवायची. खालच्या वाडीत आपल्या लेकी दिलेल्या. त्यांच्या भाताला पाणी कमी पडलं तर तीच फळी उचलायची, आणि ते मागायला लेकीनंच यायचं, जावयानं नाही, ही रीत. उचलायचा मान तुमचा. मला खाली दिलं तेव्हा सासूबाई सणालासुद्धा माहेरी सोडत नव्हत्या. अर्ध्या तासाची वाट, पण जीव तळमळायचा हो. पाणी मागायला मात्र त्यांना सोडावंच लागे. आणि सासरच्या शेतात पाणी वळवायचं काम माझंच, त्यामुळं खरं-खोटं बघणार कोण?

त्या उन्हाळ्यात मी चारदा आले. आव्वा उकडलेले कंद पुढ्यात ठेवतेय, मी मीठ-मिरची लावून हावऱ्यासारखी खातेय, आणि तुम्ही दारातून विचारताय, "परत आटलं?" "व्हय अप्पा, थेंब न्हाई." तुम्ही पंचा खोचून निघता. तिसऱ्या खेपेला भावकीतले काका ओरडले, "पोरीच्या मायेनं आमचं वाळवतोस काय रे?" तुम्ही पाण्यातूनच म्हणालात, "माझी लेक खोटं बोलायची न्हाई." मी काठावरच होते. फळी उचलली की वरच्या वाडीच्या पाटाचं पाणी उतरायचं; आपलं शेत त्या पाटाच्या शेवटाला, म्हणून आधी तेच वाळलं. चौथ्यांदा आले तेव्हा तुम्ही करपलेलं भात कापून गुरांपुढं टाकत होता. मला बघून हसलात, म्हणालात, "आलीस? जेवून जा." आणि मी जेवले, अप्पा. वर पाणीही मागितलं.

नातीला काल रीत तेवढी सांगितली. पुढचं ह्या कागदावर लिहिलंय, तो कुणाला दाखवायचा नाही, चुलीतच घालायचा. पाणी होतं, अप्पा. चारही वेळा घोट्याच्या वर होतं. मला नुसतं घरी यायचं होतं.