बेचाळीस फूट बाय तीन

२ एप्रिल
मुलीचा फोन. ही जाऊन दोन महिने झाले, आता एकट्याने राहणं पुरे, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मला काही होत नाही. ती म्हणाली, तुम्हाला नाही, पण आईच्या झाडांना होतंय, मागच्या खेपेलाच निम्मी माना टाकून उभी होती. शेवटी तडजोड झाली. तीस तारखेला ती येणार. झाडं जगलेली दिसली तर हा विषय पुन्हा काढणार नाही. वाळलेली दिसली तर माझी बॅग भरून मला घेऊन जाणार.
अट सोपी आहे.
दुपारी जागा मोजली. घर आणि शेजार यांच्या मधल्या बुटक्या भिंतीला लागून पट्टा. लांबी बेचाळीस फूट, रुंदी तीन. स्वच्छ आयत. ही रबरी पाइपच्या तोंडाला अंगठा लावून पाणी घालायची. दहा मिनिटांत येते म्हणून जायची आणि पाऊण तास लावायची. मी खुर्चीत बसून खिडकीतून बघायचो. अत्यंत अकार्यक्षम पद्धत.
ठरवलं: स्प्रिंकलर. आपोआप. दहा तारखेच्या आत.

३ एप्रिल
पट्ट्याचा नकाशा काढला. एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली, हात अजून स्थिर आहे. प्रत्येक झाड म्हणजे एक वर्तुळ, आत क्रमांक. एकूण अडतीस झाडं. हिने गुलाब पुढे, पायवाटेच्या कडेला लावलेत. जाता-येता काटे ओरबाडतात. मागे भिंतीशी हवे होते. हिला नियोजन असं नव्हतंच.
नकाशा फार देखणा झाला आहे.

५ एप्रिल
दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, लॉन केवढं आहे. मी म्हटलं, लॉन नाही, पट्टा आहे. तो म्हणाला, मग काका, जरा अवघड आहे, हे गोल फिरणारं पाणी, ते काही पट्टी धरून चालत नाही. मी त्याला त्याच्याच बिलाच्या पाठीवर समजावलं. अर्धवर्तुळ फेकणारे नोझल घ्यायचे, पायवाटेच्या कडेने, तोंडं भिंतीकडे. तीन फुटांवर एक. अर्धवर्तुळं एकमेकांत शिरतात, मधले कोपरे कोरडे राहत नाहीत. एकूण चौदा. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, चौदा काढतो.
झाडांना पाणी घातलेलं नाही. सिस्टीम चार दिवसांत येतेय, हाताने घालण्यात अर्थ नाही.

९ एप्रिल
प्लंबर येऊन गेला. चौदाही नोझल बसवले, दोरी लावून, एका रेषेत. तो म्हणाला, साहेब, आयुष्यात इतकी सरळ लाइन टाकली नव्हती. नळ उघडला. पहिल्या तीन नोझलनी पाणी उडवलं, चौथ्याने बुडबुडे काढले, उरलेल्या दहांनी बघ्याची भूमिका घेतली.
प्लंबर म्हणाला, टाकी घराच्या डोक्यावरच आहे, पाण्याला जोर कुठून येणार, चौथ्यापर्यंत जाऊन दमतं. मी म्हटलं, पाणी दमत नसतं, प्रेशर कमी पडतं. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी.
पंप लागणार. डिझाइनमध्ये दोष नाही.

१३ एप्रिल, सकाळी ७.१०
पंप बसला. प्रेशर भरपूर.

सकाळी ७.२०
प्रेशर जरा जास्तच. पाणी भिंतीवरून पलीकडे गेलं. शेजारच्या वहिनी चादरी वाळत घालत होत्या. म्हणाल्या, भाऊजी, आमच्या धुऊन झाल्या होत्या हो. मी दिलगिरी व्यक्त केली. त्या म्हणाल्या, असू दे, तिच्या हातून कधी एक थेंब इकडे आला नाही, तेवढंच नवीन काहीतरी. वहिनी आणि ही यांचं भिंतीवरून रोज बोलणं असे. बोलणं कधी संपायचं नाही हे माझं निरीक्षण आहे.

१६ एप्रिल
पंपाचा कॉक थोडा थोडा आवळत आणला. आता पाणी बरोबर तीन फूट जातं. भिंत कोरडी, पायवाट कोरडी, पट्टा ओला. ओल्या मातीची कड टेपने तपासली. फरक पाऊण इंच. फोटो मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं, बाबा, टोमॅटो आडवे का झालेत. मी कळवलं, नव्या पद्धतीला सरावतायत.

१९ एप्रिल
मागची ओळ सुकते आहे. शेवंतीची पानं कागदासारखी वाजतात. पुदिना काळा पडला. आकडेमोड तीनदा तपासली. चूक नाही. मातीचा दोष असावा. किंवा झाडांचाच. काही झाडं मुळात कमकुवत असतात.

२१ एप्रिल
वहिनी वाटी परत द्यायला आल्या. नकाशा टेबलावर होता. विचारलं, ही वर्तुळं कसली. म्हटलं, झाडं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. म्हणाल्या, भाऊजी, यात सगळी झाडं झोपलेली आहेत.
मी म्हटलं, हा वरून काढलेला नकाशा आहे, त्यात असंच असतं. त्या म्हणाल्या, वरून काढलाय ना, मग पाऊस असता तर चाललं असतं. तुमचं पाणी बाजूने येतंय. पुढे गुलाब कमरेएवढे उभे, सगळं पाणी तेच अंगावर घेतायत. मागच्यांना काय मिळणार?
एकतीस वर्षं वरून बघितलं. साहेबांनी कधी उंची मागितली नव्हती.
म्हटलं, तर मग चूक हिची आहे, गुलाब पुढे लावायचे नसतात. वहिनी म्हणाल्या, मीही तिला तेच म्हटलं होतं, हात रक्ताळायचे तिचे. तर म्हणाली, मागे लावले तर यांच्या खुर्चीतून दिसणार नाहीत.
वाटी ठेवून गेल्या.
आज पुढे काही काम झालं नाही.

२२ एप्रिल
दोन पर्याय. एक, गुलाब मागे हलवणे. दोन, नोझल उंच करणे.
पर्याय एक रद्द. कारणं तांत्रिक आहेत.

२५ एप्रिल
प्लंबरने नोझलना चार-चार फुटांचे दांडे लावले. म्हणाला, साहेब, आता लाइन दिसत नाही, मिरवणूक दिसते. पंप चालू केला. वारा होता. पाणी उलटं फिरून खिडकीतून आत आलं आणि खुर्ची भिजली. मी खुर्चीत होतो.
दांडे काढले.

२७ एप्रिल
आनंदाची गोष्ट. मागची ओळ सुधारते आहे. पुदिन्याला नवे कोंब. शेवंती ताठ. मूळ डिझाइन बरोबरच होतं, परिणाम दिसायला थोडा वेळ लागतो इतकंच. नवीन यंत्रणेत असं होतं. टोमॅटो मात्र गेले. ते भिंतीपासून लांब आहेत.
वहिनींचा प्लास्टिकचा मग भिंतीवर विसरला होता. परत दिला.

२९ एप्रिल
पुदिना जोरात. प्लास्टिकचा मग पुन्हा भिंतीवर. वहिनींना हल्ली विसरायला होतं. परत दिला, तर वहिनी म्हणाल्या, राहू दे तिथेच, लागतो. उद्या मुलगी येतेय. सिस्टीमची माहिती देणारं पान टाइप करून ठेवलं. निश्चिंत आहे.

३० एप्रिल
मुलगी आली. सोबत मोठी रिकामी बॅग.
पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितला. पुढचे गुलाब हिरवे, मागची ओळ हिरवी, मधला भाग चटईसारखा पिवळा. भिंतीवरचा मग उचलून पाहिला, मागच्या मातीतले मगाने पडलेले खळगे पाहिले, पलीकडे वहिनींकडे पाहिलं. वहिनी एकदम चादरीत तोंड लपवून चिमटे शोधायला लागल्या. मग मलाही दिसलं. तीन दिवस उशिरा.
घरात येऊन मी तिला माहितीचं पान दिलं. तिने सगळं वाचलं. मग विचारलं, बाबा, आपोआप कशासाठी? मी म्हटलं, रोजची दहा मिनिटं वाचतात. ती म्हणाली, वाचवून कुठे जायचं होतं तुम्हाला?
मी पान घडी करून खिशात ठेवलं.
थोड्या वेळाने तिने विचारलं, दहा मिनिटांचं काम, मग आई पाऊण तास बाहेर काय करायची? मी म्हटलं, काय करणार, गुलाबापाशी उभी राहून बोलायची. कुणाशी, ती म्हणाली. वहिनींशी, मी म्हटलं. ती म्हणाली, बाबा, वहिनी मागच्या भिंतीला. गुलाब तुमच्या खिडकीला.
मी म्हटलं, मी पेपर वाचत असायचो.
ती म्हणाली, हो ना. हं हं करत. आई फोनवर सांगायची, आज बाबांनी एकवीस वेळा हं केलं.
संध्याकाळी ती माळ्यावरून जुना रबरी पाइप काढत होती. बॅग दारातच आहे.

१ मे, सकाळी ६.४०
पंप बंद. पाइप नळाला लावला. अंगठा कसा लावायचा ते मुलीने दाखवलं, तिला आईने दाखवलं होतं. दाबला की पाणी पसरट होऊन मागच्या ओळीवर जातं, सोडला की गुलाबाच्या मुळाशी. पट्ट्याची रुंदी अंगठ्याला समजते. भिंत कोरडी, पायवाट कोरडी. मोजायला टेप नेला होता, दोन्ही हात गुंतल्याने वापरता आला नाही.
बेचाळीस फूट संपले. घड्याळ पाहिलं. बरोबर दहा मिनिटं. ही खरं सांगायची.
नळ बंद करून गुलाबापाशी उभा होतो. आत माझ्या खुर्चीत मुलगी पेपर घेऊन बसली होती. तिला चौदा नोझलचं सांगितलं. पेपरच्या मागून म्हणाली, हं. साहेबांनी कधी उंची मागितली नाही, ते सांगितलं. हं. मग दुकानदाराचं, प्लंबरचं, मिरवणुकीचं. मग हिचं थोडं.
आत गेलो तेव्हा चहा गार झाला होता. मुलगी डोळे पुसत होती, म्हणाली पेपरची शाई लागली. रिकामी बॅग परत नेते म्हणाली, पण महिन्याने येऊन पुदिना बघणार.
मधल्या पिवळ्या भागात टोमॅटो परत लावायचे. नोझल प्लंबरला देऊन टाकायचे.
वेळ: पाणी घालणे, दहा मिनिटं. एकूण, पंचेचाळीस. फरकाचा तपशील लिहिलेला नाही.