साडेचार किलोचा दादा

प्रिय आई,

फोनवर तू दुसऱ्याच मिनिटाला विषय बदलतेस, म्हणून बोरीवलीहून मुलुंडला चक्क पत्र धाडतेय. हसू नकोस. पूर्ण वाच, आणि मधेच गॅस बंद करायला उठू नकोस.

आधी खुशाली. सातवा संपत आलाय, बाळ मजेत लाथा मारतंय. आज सकाळी उपाशीपोटीची साखर अठ्ठ्याऐंशी आली. रोज चार वेळा बोट टोचते, जेवणाआधी पोटाला इन्सुलिनची सुई घेते. साकीनाक्याच्या ऑफिसात पहिले काही दिवस बाथरूममध्ये लपून घ्यायचे. आता टेबलाशी बसूनच घेते. ज्याला बघवत नाही त्याने तोंड फिरवावं.

खालच्या मजल्यावरच्या चेतनाकाकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "आधीच जाड, त्यात दोघांचं खाल्लंस, मग साखर होणारच ना!" मी म्हटलं, काकू, माझ्या ऑफिसातली श्वेता काडीसारखी आहे, तिलाही झाली होती. गरोदरपणात वारेतून जी हार्मोन्स येतात, त्यांच्यामुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. वजनाने त्यात भर पडते, हे डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. पण म्हणून मी काही गुन्हा केलेला नाही. तेवढ्यात काकूंचा मजला आला, सुटल्या बिचाऱ्या.

काकूंना उत्तर देता आलं, तुला देता आलं नाही. साखर निघाली त्या दिवशी तू फोनवर एवढंच म्हणालीस, "तोंडावर ताबा ठेवला असतास तर?" आई, मला फार लागलं ते. पंधरा दिवस मी तुझ्यावर चिडून होते. लहानपणापासून माझ्या तिसऱ्या पोळीवर तुझी नजर. श्रीखंडाची वाटी इतरांची भरलेली, माझी अर्धी. मला वाटायचं, जाड मुलीची तुला लाज वाटते.

मग डॉक्टरांनी विचारलं, आईची बाळंतपणं कशी झाली? मी ऐटीत म्हटलं, एकच, माझं, काही त्रास नाही. तरी खात्री करावी म्हणून घरी येऊन माणिकमावशीला फोन केला. ती रडायलाच लागली. माझ्याआधी मुलगा होता. साडेचार किलोचा. नऊ महिने भरले होते आणि पोटातच गेला. मला दादा होता, आणि मला ते चौतिसाव्या वर्षी कळतंय! हिने भात खाऊन खाऊन पोराला मारलं, असं आजी दवाखान्यातच म्हणाली म्हणे. तेव्हापासून तू भात सोडलास. मी समजत होते तुला आवडत नाही.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी ठामपणे सांगता येणार नाही, पण बाळ एवढं मोठं होतं म्हणजे आईची साखर वाढलेली असण्याची शक्यता दाट आहे. आई, तुझी साखर तपासली होती का कुणी? ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त काढायचं, एवढंच तर असतं. ते कुणी केलं नाही आणि खापर तुझ्या डोक्यावर फोडलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. आजी चुकली, साफ चुकली, आणि घरातलं एकही माणूस तुझ्या बाजूने उभं राहिलं नाही.

तू माझ्यासाठी भीत होतीस ना गं? तसं सांगायचं ना. मीही भिते. लाथ जाणवली नाही की हातातलं काम टाकून बसते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रविवारी डोहाळजेवण. तू तुझ्या लाडक्या जावयाला सांगितलंस, मी स्वयंपाकघरातलं बघेन, ओटी सासूबाई आणि माणिक भरतील. कुणाच्याही डोहाळजेवणाला तू आतच असतेस, मला वाटायचं तुला कामाची हौस. पहिलं मूल गेलेल्या बाईने ओटी भरू नये, हे कुणी ठरवलं तेही मावशीने सांगितलं. मी सासूबाईंशी बोललेय, त्यांना पटलंय. पहिली ओटी तू भरायचीस. हिरवी साडी नेसून मी पाटावर बसेन आणि तू बाहेर येईपर्यंत दुसऱ्या कुणापुढे पदर पसरणार नाही. बायका ताटकळू देत, जेवण गार होऊ दे. आणि ओटी भरताना माझ्या कानात दादाचं नाव सांग. मनात ठेवलं असशीलच तू.

तुझीच हट्टी,
स्वरदा