मधला नट

राज्य कारागृह, वायोमिंग
१२ जानेवारी

चि. मारेनला डर्कदादाचे अनेक आशीर्वाद. इथे दुसरं काही द्यायला नाही, म्हणून तेच जास्तीचे घे.

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. आत नुसती सही. गॅस प्लँटवर दाबाची गेजं तपासून तपासून तू आता शाईसुद्धा मोजून वापरायला लागलीस वाटतं. माझं बरं चाललंय. जेवणाच्या रांगेत एकाशी हाणामारी झाली, म्हणून एप्रिलपर्यंत माझा फोन बंद केलाय. तेव्हा जे काही ते पत्रावरच.

मार्चमध्ये पॅरोलची सुनावणी आहे. मला घरी ठेवून घ्यायची तुझी तयारी आहे का, असं मंडळ तुला विचारेल. चार गोड शब्द लिहून टाक. शेरिफपुढे बोलायला तुला कुणी आग्रह करावा लागला नव्हता. मी सांगत होतो, त्या रात्री माझी गाडी बाबा चालवत होते. तू म्हणालीस, मोतीबिंदूमुळे त्यांनी वर्षभर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. झालं, भाऊ आत. आता तेच तोंड माझ्या भल्यासाठी उघड. बाबांना मी मुद्दाम कालव्यात घातलं नव्हतं, प्यायलो होतो एवढंच.

आता काम ऐक. शेडमध्ये बाबांची पिकअप उभी आहे, नाक खाली घालून, गवत हुंगणाऱ्या गायीसारखी. पुढची बाजू उचलायचं किट मी आणून ठेवलं होतं, दोन जाड ठोकळे, बाकाखालच्या खोक्यात. मी येईन तेव्हा गाडी पुढूनमागून एका पातळीत दिसली पाहिजे. जॅक लाव, चाक काढ, शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर घे. त्याच्या डोक्यावर कडेला तीन नट दिसतील आणि मधोमध एक मोठा. तो मधला सोडव, टोपी निघेल, मग ठोकळा बसव. गॅरेजात मी जन्मभर हेच केलं. खोक्यात एक कागद असेल, त्याने शेगडी पेटव. एकदा तरी कागद न वाचता भावाचं ऐकून बघ.

ब्रिनचं काही कळलं तर लिही. पोरगी बापाला पत्र टाकत नाही.

आहे तो लोभ गंजू देऊ नकोस.
डर्क

---

घर, कालव्याचा रस्ता
२३ जानेवारी

ती. डर्कदादास मारेनचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मंडळाचंही आलं. उत्तराला मुदत आहे.

इथे थंडी उणे वीसच्या खाली आहे. गुरांच्या पाण्याच्या टाकीवरचा बर्फ रोज सकाळी फोडावा लागतो. आर्डिथकाकू परवा आल्या होत्या. चर्चमध्ये त्या अजून माझ्या बाकावर बसत नाहीत, पण घरी येतात, बहुतेक मी किती वाळले ते बघायला. म्हणाल्या, या घरातला एक पुरुष देवाने नेला आणि दुसरा तू देऊन टाकलास. मी त्यांना कॉफी दिली. साखर मागितली नाही, म्हणून घातली नाही.

गाडीचं नाक खाली आहे ते बिघाड म्हणून नाही. मागे गवताचे भारे चढले की मागची बाजू बसते आणि गाडी सपाट होते. बाबांची गाडी रिकामी कधी नसायची. तुझी नेहमी रिकामी असायची, तेव्हा तुला ते खुपणं साहजिक आहे. तरी तू म्हणतोस म्हणून काम सुरू केलं आहे.

डाव्या बाजूचा शॉकअप बाहेर काढला. ब्रेकच्या नळीवर ताण येऊ नये म्हणून चाकाचा गाभा तारेने वर बांधून ठेवला. शॉकअप आता बाकावर आहे. स्प्रिंग चांगलीच दाबलेली दिसते. एकच विचारायचं आहे. मधला नट सोडवण्याआधी स्प्रिंग धरून ठेवायला एखादं हत्यार लागतं का? नीट आठवून लिही. तुझं उत्तर येईपर्यंत मी नटाला हात लावणार नाही.

ब्रिन लॅरामीला आहे, कॉलेज चालू आहे. तुझ्याबद्दल विचारत नाही.

आपला लोभ आहे तिथेच राहो.
मारेन

---

राज्य कारागृह
१ फेब्रुवारी

चि. मारेनला आशीर्वाद.

तुझं पत्र मी इथल्या दोघांना वाचून दाखवलं. हसून हसून एकाला ठसका लागला. बाकावर शॉकअप ठेवून बाई भावाच्या परवानगीची वाट बघतायत. अगं, तुम्ही शिकलेली माणसं शिंकायच्या आधीसुद्धा पुस्तक उघडता का? कसलं हत्यार नि कसलं काय. हत्यारं शिकाऊ लोकांना लागतात. शॉकअप मांड्यांत धर, वरून वाक, पाना लाव आणि अंगाचा भार टाक. तोंड जवळ ने, म्हणजे आटे दिसतील आणि खराब होणार नाहीत. सुरुवातीला घट्ट लागेल, मग आपोआप येईल. बाबा म्हणायचेच, मारेनला आकडे दिलेत, हात द्यायचे राहिले.

आणि तो गवताच्या भाऱ्यांचा हिशेब मला सांगू नकोस. बाबा गेले, भारे गेले. गाडी आता माझ्यासारखी दिसायला हवी, छाती काढून उभी.

मंडळाला लिहिलंस का? लिहिताना आर्डिथम्हातारीला दाखव, तिचं माझ्यावर प्रेम आहे. तुझ्या मनात काय आहे ते मला कधीच कळलं नाही, पण घर बाबांचं आहे आणि मी बाबांचा मुलगा आहे, एवढं ध्यानात ठेव.

काम झालं की कळव. लोभ तुझ्याकडे थकलेला आहे, तो कधीतरी फेड.
डर्क

---

घर
१० फेब्रुवारी

ती. डर्कदादास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सगळं स्पष्ट लिहिलंस, बरं झालं.

काम मात्र थोडं थांबलं आहे. टाकीजवळ बर्फावर घसरून माझं उजवं मनगट मुरगळलं. पाना धरवत नाही. हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर समजून घे.

तुला बरं वाटेल अशी एक बातमी आहे. ब्रिन येत्या शनिवारी घरी येते आहे. बाबांच्या गाडीचं काम अर्धं पडलंय म्हटल्यावर म्हणाली, मी करते, त्यात काय. तुझ्यावर गेली आहे. तुझी दोन्ही पत्रं तिच्यासाठी काढून ठेवली आहेत, म्हणजे पायऱ्या चुकणार नाहीत. तू म्हटल्याप्रमाणे खोक्यातल्या कागदाने मी शेगडी पेटवली. ती जवळून बघते प्रत्येक गोष्ट, लहानपणापासून सवयच आहे तिला, तेव्हा आटे नक्की सांभाळेल. तुला ती पत्र टाकत नाही, पण तुझ्या शब्दावर काम करते आहे, हेही काही कमी नाही.

मंडळाला अजून लिहिलेलं नाही. शनिवार झाला की लिहीन.

लोभाचं शनिवारनंतर बघू.
मारेन

---

राज्य कारागृह
१४ फेब्रुवारी

मारेन,

ब्रिनला त्या नटाला हात लावू देऊ नकोस. मधला नट सोडवायचाच नसतो. ठोकळा वरच्या तीन नटांवर नुसता बसतो, मधल्याला कुणी शिवत नाही. त्याच्याखाली सगळी स्प्रिंग दाबून धरलेली असते. तो सुटला की टोपी गोळीसारखी उडते. गॅरेजात एकाचा अर्धा चेहरा गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय. तिला शेडमध्येच जाऊ देऊ नकोस. शेडला कुलूप घाल.

मला माहीत होतं. हे तुला हवंय ना, घे, लिहून देतो. तुला मारायचं मनात नव्हतं. जबडा बांधून चार महिने गप्प बसली असतीस, एवढंच. ज्या तोंडाने मला आत टाकलंस त्या तोंडाला थोडी शिक्षा. तुझ्यासाठी होतं ते, तिच्यासाठी नव्हतं.

इथल्या पाद्रीबाबांच्या पाया पडून त्यांना घरी फोन करायला लावलाय. कुणी उचलला नाही, त्यांनी निरोप ठेवलाय. ऐकलास की त्यांना उलट फोन कर. ती बरी आहे एवढा एकच शब्द कळव. पाहिजे तर तुझ्यापुढे नाक घासतो.

डर्क

---

घर
२५ फेब्रुवारी

ती. डर्कदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा शनिवार होऊन गेला होता. उत्तर लिहायला मी आणखी एक शनिवार जाऊ दिला. पाद्रीबाबांचा निरोप आला त्या दिवशीच ऐकला.  मी फोन केला नाही.

ब्रिन बरी आहे. ती आलीच नव्हती. लॅरामीलाच आहे, तिची परीक्षा आहे. या गाडीचं काम चाललं आहे हे तिला माहीतही नाही आणि मी ते तिला सांगणार नाही. माझं मनगटही ठीक आहे.

खोक्यातला कागद मी पहिल्या दिवशीच वाचला. मधल्या नटाबद्दल त्यावर सर्वांत वर, लाल अक्षरांत लिहिलं आहे. तरी मी तुला विचारलं. माणूस कधी विसरतो, कधी त्याच्याकडून घाईत चुकीचं लिहिलं जातं, तेव्हा एक संधी द्यावी असं वाटलं. तू लिहिलंस, तोंड जवळ ने. त्या पत्रानंतर मला एवढंच समजून घ्यायचं होतं की तुला माहीत नाही की तुला माहीत आहे. त्यासाठी तुझ्या आवडीचं एक माणूस बाकाजवळ उभं करावं लागलं. माझ्याकडे तेवढं एकच होतं.

किट तुझं दुसरं पत्र यायच्या आधीच बसवून झालं होतं, दोन्ही बाजूंना. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन वर आल्यावर मगच शेवटचे नट आवळले, कागदात तसं सांगितलं आहे. शहरात नेऊन चाकांची अलाइनमेंट करून घेतली. तिथला माणूस म्हणाला, कोणी केलंय, काम नीट आहे. मी म्हटलं, घरच्यांनीच.

तुझी पत्रं तिथला कारकून उघडून वाचतो हे तू घाईत विसरलास. मंडळाने मला एकच प्रश्न विचारला होता, याला घरात ठेवून घ्याल का. उत्तर कसं लिहावं हे मला सुचत नव्हतं, चार गोड शब्द मला जमत नाहीत. म्हणून मी स्वतःचं काही लिहिलं नाही. तुझी तिन्ही पत्रं तारखेप्रमाणे लावून पाठवून दिली. जबड्याचा मजकूर तिसऱ्यात आहे, त्यांना शोधायला लागू नये म्हणून पान दुमडून ठेवलं.

आर्डिथकाकूंना दाखवली नाहीत. त्यांचं तुझ्यावर प्रेम आहे, ते तसंच राहू दे.

गाडी आता तुला हवी तशी उभी आहे, पुढूनमागून एका पातळीत. एकच काम राहिलं आहे. नाक उचलल्यामुळे पुढचे दिवे वर मारतात, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. त्यांचा झोत शेडच्या भिंतीवर पाडून खाली उतरवायचा असतो. करीन सवडीने. तुला यायला वेळ आहे.

लोभ मागू नये, ही विनंती.
मारेन