प्रत्येक पेटीत एक सुका बांगडा

प्रिय ताई,

रविवारी तुझं घर पडता पडता राहिलं. घाटकोपरचं नव्हे. ते बिल्डरने नवीन बांधलंय, म्हणजे पडायला अजून पाच-सात वर्षं आहेत. बेटावरचं, खेळातलं. कसं राहिलं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार नाही, म्हणून हे पत्र.

तू गेल्याला वर्ष होऊन गेलं. तेवढे सगळे दिवस मी त्या बर्फाळ बेटावर एकटा नांदतोय. पन्नाशीला टेकलेला माणूस, कानांवर तुझ्या लेकीचे, केतकीचे गुलाबी हेडफोन, कुऱ्हाडीने लाकडं फोडत बसलेला! मुलुंडला आमच्या सोसायटीत मला अजून मान आहे, कारण खिडकीला पडदा आहे.

आठवतं, सुरुवात कशी झाली? तुझी लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचा कॉम्प्युटर तुझ्या हॉलमध्ये राहिला. "आई, मामाबरोबर खेळ. रोज बोलणं तरी होईल," म्हणाली. झालं की बोलणं! जहाज फुटून बेटावर अडकलेली दोन माणसं, मागे लांडगे, खायला कण नाही, मेलं की हातातलं सगळं जाऊन किनाऱ्यापासून पुन्हा सुरुवात. आणि तू कानात विचारतेस, "बाबू, तुमच्याकडची सुकट संपली काय रे?"

दोन दिवसांत तू तिथे संसार मांडलास. मी बंदूक शोधत होतो, तू पेट्या बनवत होतीस. घरभर पेट्या, आणि प्रत्येकीवर तुझ्या हातची पाटी. ‘सुका म्हावरा.’ ‘चिंध्या, टाकू नये.’ ‘खिळे रोजचे.’ ‘खिळे पाहुण्यांचे.’ कसले पाहुणे गं? त्या बेटावर लांडग्यांखेरीज येणार कोण होतं? आणि मलमपट्ट्यांच्या पेटीवर खास माझ्यासाठी: ‘मेल्या, हात लावशीत तर बघ.’

पायातून रक्त गळतंय आणि बाई चिंधी बांधून लंगडतेय, कारण चांगल्या पट्ट्या मोठ्या दुखण्यासाठी ठेवल्यात! मी पोट धरून हसायचो. ऑफिसातही तू तेच करत होतीस हे मागाहून कळलं. आजारपणाची रजा जपून ठेवलेली, मोठ्या आजारासाठी. जिना चढताना धाप लागली तर, "एवढ्यातेवढ्याक रजा कित्याक?" मोठा आजार आला तो अर्ज भरेपर्यंत थांबला का? बाकी कशाचा राग मी कधीच गिळलाय, ताई. याचा नाही गिळवत.

आणि आपलं भांडण. त्याबद्दल कधी बोललोच नाही आपण. बोलायला तू उरली नाहीस.

त्या खेळाचा नियम साधा आहे. वाटेत पडक्या झोपड्या लागतात, त्यांत पेट्या असतात. पेटीतलं सगळं काढून घेतलं तर काही दिवसांनी ती आपोआप पुन्हा भरते. एक वस्तू जरी आत राहिली, तरी खेळ म्हणतो, हिच्यात आहे की! मग ती जन्मात भरत नाही. हा खेळ खेळणारं कुठलंही शेंबडं पोर पेटी खरवडून नेतं. तू मात्र प्रत्येक पेटीत घरी वाळवलेला एक मासा ठेवून यायचीस.

"ताई, काय करतेस हे?"

"रिकामा भांडा परत देव नये रे."

आता डोंगरावरच्या आपल्या जुन्या चाळीतलं मलाही आठवतं. शेजारच्या सावंतकाकूंची वाटी परत करताना आई तिच्यात चिमूटभर साखर तरी टाकायची. घरात साखर नसली तर वाटी दोन दिवस आपल्याकडेच मुक्कामाला, पण रिकामी म्हणून जायची नाही. कबूल. पण बेटावर कोण सावंतकाकू? त्या पेट्यांना मालकच नव्हता! हे म्हटल्यावर तू शांतपणे विचारलंस, "कोणीतरी ठेवलेला असतला मा?"

या तत्त्वज्ञानापायी आपल्या आसपासची एकही पेटी भरेना. मग मी चोरून तुझ्या मागे जायला लागलो. तू मासा ठेवायचीस, मी काढायचो. एक दिवस तू मागे वळलीस आणि मी पेटीत हात घातलेला! माफी मागायची सोडून मीच ओरडलो, "तुझ्या या वळणापायी उपाशी मरणार आपण! वाट लावलीस सगळ्याची!"

"खेळ मगे तू एकटो," म्हणालीस आणि हेडफोन काढलास.

पुढचे आठ दिवस पडद्यावर तुझं नाव करडं राहिलं, म्हणजे तू खेळात आलीच नाहीस. मला वाटलं, रुसलीस. रुसू दे, मीही त्याच घरातला. नवव्या दिवशी केतकीचा फोन आला. आठ दिवस तू उशीला टेकून श्वास घेत होतीस आणि मी तुझ्या रुसव्याचे दिवस मोजत होतो. घाटकोपर ते मुलुंड किती अंतर आहे गं? माझ्या अहंकारापेक्षा नक्कीच कमी.

असो. रविवारचं सांगतो.

घराच्या मधल्या खांबाला दर पंधरवड्याला चाळीस खिळे द्यावे लागतात, नाहीतर घर कोसळतं. पेट्या जातात, पाट्या जातात. वर्षभर मी तुझेच खिळे देत होतो. रोजचे संपले, मग मनावर दगड ठेवून पाहुण्यांचेही काढले. रविवारी दुपारी दोन्ही पेट्या रिकाम्या, आणि पडद्यावर लाल अक्षरं: साडेपाचला घर पडेल. काही सूट मिळेल का, केतकीने खेळाच्या कंपनीला विचारून पाहिलं होतं. नियम सर्वांना सारखा, म्हणे. वॉर्ड ऑफिसच जणू!

ती फोनवर होती. "मामा, पाट्यांचे फोटो काढलेत मी. पडलं तर पडू दे ना."

"पाडलेल्या चाळीच्या दाराचाही फोटो आहे आपल्याकडे. त्यातून आत जाता येतं?"

ती अगदी तुझ्या आवाजात म्हणाली, "निघ मग. आधी कोट घाल."

खिळे मिळणार गोठलेल्या खाडीपलीकडच्या गोदीत. जाताना आपल्या आसपासच्या सगळ्या पेट्या उघडल्या, मी रिकाम्या केलेल्या. एकीतही काही नाही! हिवाळ्यात पेट्या भरत नाहीत, हे ज्ञान मला तेव्हा झालं. तुझ्याशी ज्या नियमावरून भांडलो तो नियम मला अर्धाच ठाऊक होता.

गोदीत शेहेचाळीस खिळे मिळाले. परतताना खाडीवर लांडग्याने पाय फोडला. कसाबसा मारला त्याला, पण रक्त थांबेना, आणि भुकेचा काटा तळाला. पाच वाजायला दहा मिनिटं. तिथे मेलो असतो तर खिळे बर्फात पडले असते, आणि पुन्हा किनाऱ्यापासून येऊन ते उचलायला वेळच नव्हता.

"मामा, काहीतरी खा!"

"काय खाऊ, खिळे?"

खाडीच्या कडेने कोळ्यांच्या पाच झोपड्या आहेत. मी तिकडे कधी गेलो नव्हतो. तू दुपारी एकटीच जायचीस. पहिलीतली पेटी उघडली, काही आशा नव्हती. आत एक सुका मासा.

ताई, खेळ पेटीत वाळवलेला मासा कधीच टाकत नाही. तो माणसानेच चुलीवर धरून वाळवावा लागतो. तू त्याला बांगडा म्हणायचीस. वर्ष उलटलं, हिवाळा आला, आणि बांगडा तिथेच! पेटी रिकामी नव्हती ना, म्हणून खेळाने तिला हात लावला नव्हता.

दुसऱ्या झोपडीत एक. तिसरीत एक. मी खात होतो, लंगडत होतो, आणि केतकी विचारत होती, "मामा, बोलत का नाहीस? मामा?"

पाचवीत बांगड्याशेजारी आणखी काहीतरी होतं. मलमपट्टी. चांगली, कोरी. स्वतःच्या पायाला चिंधी, आणि कोण कुठल्या येणाऱ्यासाठी पेटीत पट्टी! काय म्हणावं गं तुला? मी पट्टी बांधली. समोर पडदा जरा धुरकट दिसत होता. कॉम्प्युटर ठीक होता.

आणि मग, घड्याळ धावत असताना, मी एक वेडेपणा केला. पेटी बंद करायला माझा हातच उठेना. एक खिळा काढून आत ठेवला. मग वळलो आणि उरलेल्या चारही झोपड्यांत परत गेलो.

"मामा, घर उजवीकडे आहे! उलटा कुठे चाललास?"

"वाट्या परत करायच्यात."

पाच पेट्या, पाच खिळे. उरले एक्केचाळीस. दाराशी पोचलो तेव्हा भिंती थरथरायला लागल्या होत्या. चाळिसावा खिळा खांबाला दिला तेव्हा दोन मिनिटं शिल्लक होती. थरथर थांबली. फोनवर केतकी रडत होती की हसत, कळलं नाही. मग म्हणाली, "मामा, आईला एवढं ओरडायला नको होतंस तू." तिला ठाऊक होतं तर. तू सांगितलं होतंस. मी "हो" म्हणालो.

हातात एक खिळा उरला होता. तो ‘पाहुण्यांचे’ पाटीखाली ठेवलाय. पुढच्या रविवारी केतकी बेटावर येतेय. पाहुणे कोण येणार म्हणून मीच हसलो होतो ना?

ताई, बेटावरची एकही पेटी मी आता रिकामी सोडणार नाही. कोणी रुसलंय असं वाटलं, तर त्याच दिवशी फोन करीन, आणि उचलला नाही तर रिक्षा करीन. आणि एक तुला आवडणार नाही असं. गेले काही दिवस जिना चढताना मलाही जरा धाप लागतेय. एवढीतेवढीच. मंगळवारची रजा टाकलीय, डॉक्टरांची वेळ घेतलीय. आणि तुझी ती पट्ट्यांची पेटी मी उघडणार आहे. पाटी वाचूनसुद्धा.

तुझो,
बाबू