हेल्मेटच्या आतला माणूस

५ जानेवारी
पोचलो एकदाचा! उत्तरेतल्या या शहरात, अलीगंज भागात विभाताई साठेंचं घर. वर माझी खोली, गच्चीत ऊन, खाली आल्याचा चहा. पुण्याला गाडीत बसवताना माझ्या लेकीने, कौमुदीने, लहानपणीसारखी माझी करंगळी धरून ठेवली होती. चौतीस वर्षांची घोडी! कौमे, सोड आता, म्हटलं, तेव्हा सोडली.

विभाताई इथल्या संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यात. त्यांचे दिवंगत यजमान सुबोधराव यांनी पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीसाठी तेरा भागांची विज्ञानमालिका लिहिली होती, हिंदीत. एकटा अंतराळवीर, परतीची वाट चुकलेला. तिची मराठी कादंबरी मी करायची. मुखपृष्ठावर नाव सुबोधरावांचं, माझं आत बारीक अक्षरात. स्वतःची कादंबरी चार प्रकाशकांनी साभार परत केलेल्याने फार नाक वर करू नये.

९ जानेवारी
रोज दुपारी जुन्या व्हीसीआरवर मालिका बघतो. अंतराळवीर सदैव हेल्मेटात. चेहरा नाही, मन तर नाहीच. पहिलं प्रकरण वाचून विभाताई म्हणाल्या, अच्छा है, पण यात माणूस कुठाय? तुमच्या घरचं काही घाला.

खरंच आहे. पडद्यावर बाहेरचं भागतं, पुस्तकाला आतलं लागतं. मग त्याला माझ्या वडिलांचे हात दिले. वडील एसटी डेपोत मेकॅनिक. राखेने कितीही घासले तरी हातांचा डिझेलचा वास जायचा नाही. जेवायला बसताना ते तळवा हुंगून हसायचे. प्रकरण झकास उतरलं. आयुष्यात असं लिहिलं नव्हतं.

११ जानेवारी
निशातगंजच्या बाजारातून वह्या आणल्या. तिथे पाकिटातून एक फोटो पडला. खाकी कपड्यांतला हा कोण? कौमुदीला फोनवर वर्णन करून विचारलं. ती आधी हसली. बाबा, ते आजोबा आहेत, म्हणाली.

१२ जानेवारी
पहिला भाग पुन्हा लावला. अंतराळवीर हातमोजा काढतो, तळवा हुंगतो, हसतो. परवा हे टेपवर नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं.

१० फेब्रुवारी
आठ प्रकरणं झाली. त्याला दिलेला आईचा आवाज माझ्या आठवणीतून गेला. गावचा रस्ता गेला. प्रकरणं मात्र एकाहून एक. लाज वाटते, पण ती वाचून मीच खूश होतो.

१४ फेब्रुवारी
विभाताईंना जाब विचारला. सुबोधरावांनीही कादंबरी करायला घेतली होती म्हणे. शेवटी बायकोलाच विचारायचे, आप कौन? आता तो अंतराळवीर टीव्हीतून मला त्यांच्यासारखं विभू म्हणतो, तेवढंच माझं उरलंय, म्हणाल्या. तेराव्या भागात तो घरी परततो. पुस्तक पुरं करा, भैया. हात जोडले त्यांनी. मला माणूस म्हणून नव्हतं बोलावलं, शिधा म्हणून बोलावलं होतं.

२२ फेब्रुवारी
उद्या निघतो. बारा झाली, तेरावं राहिलं. त्यात त्याला पृथ्वीवरचं मूल आठवायला हवं. कौमीला हात लावणार नाही. तिच्यावाचून माझं आहे कोण?
पण ते प्रकरण मला दिसतंय. अख्खं दिसतंय—

२३ फेब्रुवारी
गेलो नाही. करंगळी दिली. फक्त करंगळी. नाव नाही दिलं. नाव मी— नाही, लिहिलंय. माझंच अक्षर. का लिहिलं मी—

२६ फेब्रुवारी
दुपारपासून एका बाईचे फोन. बाबा म्हणते. राँग नंबर म्हटलं, तरी रडते.
या वहीच्या पहिल्या पानावर कुणी लेक बापाची करंगळी धरते. बरं लिहिलंय.
खाली टीव्हीतून कोणी सारखं हाका मारतंय. कौमे, कौमे. कोण ही?
कादंबरीचं शेवटचं पान अजून कोरडं आहे, विभाताई म्हणतात.
पुन्हा तिचा फोन. रडणं खरं वाटतं. टिपून घेतो, शेवटच्या पानाला—