मोरीमागचे झाड

२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. रीत म्हणून तुझ्या कमरेची चौकशी आधी करायला हवी. पण तुझ्या पत्रात तिने दीड पान अडवले आहे, त्यामुळे विचारण्यासारखे काही उरलेले नाही. काठी घेऊन चालतेस, की पलंगावरून सूनबाईंना हाका मारतेस, एवढे मात्र खरे खरे लिही. मी ठीक आहे. हिवाळ्यातल्या तापाचा आता मागमूसही नाही, असे तुझ्या चिरंजीवांना सांग. ते दर रविवारी फोनवर "मावशी, एकटी किती दिवस राहणार?" असे विचारतात आणि मी दर रविवारी विषय बदलते.

आता तुझ्या कामाविषयी. तुला आपल्या लहानपणच्या घरातले मोरीमागचे झाड हवे आहे. आईने त्याला दुसरे नाव कधी दिले नाही, आणि जिचा उभा जन्म शब्दकोशाच्या संपादनात गेला त्या मलाही ते कधी शोधावेसे वाटले नाही. तू लिहितेस, "लेकाच्या घरी काही कमी नाही, पण खोलीला आपला असा वास नाही. झोप म्हणून लागत नाही. ते झाड उशाशी असलं तर लागेल. नाकाडे, तू डोळे मिटून हुंगलंस की बरोबर ओळखशील." वडिलांनी ठेवलेल्या या नावाने मला हाक मारणारी तूच एक उरली आहेस. त्या हाकेला ओ न देणे शक्य नव्हते.

रोपवाटिका वस्तीच्या टोकाला, एका बंद गोदामामागे आहे. फाटकावर 'सुवासीक रोपे मिळतील' अशी पाटी. त्या दीर्घ 'सी'कडे पाहून मी एरवी तिथूनच परत फिरले असते. तुझ्यासाठी आत गेले, हे ध्यानात ठेव.

पण खरे सांगू? आत गेल्यावर मी रमले. थंडी नुकती ओसरते आहे. बहुतेक कुंड्यांत नुसत्या काटक्या उभ्या होत्या, आणि जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक काटकीवर टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके. माळी त्याला 'डोळा फुटला' म्हणतात. मला नवल वाटले. झाडाला आपण डोळे दिले, मक्याच्या कणसाला तर केसही दिले. नाक मात्र कोणी दिले नाही. काचेच्या खोलीत भिंतींवरून पाणी ओघळत होते आणि माझा चष्मा क्षणात आंधळा झाला. तो पुसत असतानाच मालकीणबाई आल्या. गळ्याभोवती मफलर, नाक लालबुंद.

"काय हवंय, आजी?"

आजी म्हणवून घेण्याची मला सवय नाही, पण असो. मी म्हणाले, "नाव ठाऊक नाही. पानं करडी, त्यांच्यावर मऊ लव. कमरेएवढं वाढतं. वाळत घातलेला ओला कपडा त्याला घासला की वास सुटतो."

"कसला वास?"

ताई, इतकी वर्षे शब्दांत घालवली, आणि त्या प्रश्नाला मला एकच शब्द सापडला. मी म्हणाले, "स्वच्छ."

"म्हणजे साबणासारखा?"

"नव्हे. साबणाला जसं व्हायचं असतं आणि जमत नाही, तसा."

बाई खो खो हसल्या आणि त्या हसण्याची शिंक झाली. "चला, हुंगत हुंगत जाऊ. पण मला काही विचारू नका हं. परवापासून नाक असं चोंदलंय, शेजारी कुणी टायर जाळले तरी मला कळायचं नाही!"

हे वाक्य त्या इतक्या मोठ्याने, भर गिऱ्हाइकांत आणि इतक्या सहज बोलल्या की मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. ज्या बाईचे पोट सुवासावर चालते तिने असे बोलावे! आणि कोणी मान वळवूनही पाहिले नाही.

करड्या पानांची रोपे एका फळीवर सापडली. मी स्वतःच्या नाकावर विसंबले नाही. आठवणीने नाक पक्षपाती होते. अशा कामाला तटस्थ नाके हवीत. म्हणून मी तिथल्या गिऱ्हाइकांना पाने चोळून दिली आणि वासाचे वर्णन करायला सांगितले. एक तरुण जोडपे होते. ती म्हणाली, "आमच्या शाळेतल्या दवाखान्यासारखा." तो म्हणाला, "छे! नवीन चपलांचं खोकं उघडल्यासारखा." "तुला कशातही चपलाच दिसतात," असे म्हणून तिने त्याच्या हातातले पान काढून घेतले. टोपी घातलेले एक गृहस्थ पुष्कळ वेळ डोळे मिटून उभे राहिले. मला मोठी आशा वाटली. मग डोळे उघडून म्हणाले, "छान आहे." छान हे वर्णन नव्हे, ती पळवाट आहे.

शेवटच्या फळीशी मालकीणबाई आणि मी एकाच कुंडीवर दोन्ही बाजूंनी वाकलो, आणि दोघी एकदमच म्हणालो, "वा!"

तीन कुंड्या निवडल्या आहेत. रोपवाटिकेची गाडी उद्या तुझ्याकडे पोचवील. त्यांतली पहिली म्हणजे तेच झाड, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

जाता जाता, दुधाचे पातेले नवे घेतले. जुने करपले होते. सहज लिहिले.

तुझी,
नाकाडी


११ मार्च

प्रिय ताई,

तुझे पत्र पोचले. पहिल्या कुंडीला चिरडलेल्या ढेकणाचा वास येतो आणि सूनबाईंनी ती जिन्यात नेऊन ठेवली, हे वाचले. दुसरीला कसलाच वास नाही. तिसरीला खोकल्याच्या औषधाचा. तू रागावशील, निदान हसशील, असे वाटले होते. तू खाली एवढेच लिहिलेस, "नाकाडे, काय झालंय ते सांग."

तर सांगते. मला वास येत नाही. त्या तापाबरोबर तो गेला आणि ताप उतरला तरी परतला नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. नाही असेही होते. चहा म्हणजे आता नुसते कढत पाणी. पुस्तक उघडले तर कागद मुका. दूध करपले तेव्हा मी शेजारच्या खोलीत वाचत बसले होते. घर धुराने भरले आणि शेजारीण दार बडवू लागली, तेव्हा मला कळले. तिला मी सांगितले, डोळा लागला होता. म्हातारपणी डुलकी लागणे क्षम्य असते.

तुझ्यापासून का लपवले, हे तू ओळखले असशील. दुधाच्या जागी गॅस असता तर? हाच प्रश्न चिरंजीव विचारतील. मग माझ्या सामानाची बांधाबांध सुरू होईल. कोशाच्या कामात मी एकदा वाद घालून 'वास' या शब्दाच्या दोन वेगळ्या नोंदी करवून घेतल्या होत्या. एक गंध, दुसरा वस्ती. धातू निराळे, अर्थ निराळे, यांची सरमिसळ करणे अडाणीपणाचे आहे, असे मी बैठकीत ठणकावले होते. आता पाहते तो, पहिला गेला तर दुसराही जातो. माझ्याच घरात दोन्ही नोंदी एक झाल्या.

तरीही गप्पच राहिले असते. नाक हे आपल्या भाषेत नुसते हुंगायचे नसते, हे तुला काय सांगावे. पण तुला झोप लागावी म्हणून तू एक गोष्ट मागितलीस आणि मी तुझ्या उशाशी ढेकूण पाठवले. माझा दिमाख तुझ्या झोपेवर जगतो आहे, हे काही मला पचले नाही.

म्हणून काल आरशासमोर उभी राहून मालकीणबाईंचे वाक्य म्हणून पाहिले. "शेजारी कुणी टायर जाळले तरी मला कळायचं नाही." पहिल्यांदा 'टायर'पाशीच अडखळले. नंतर जमले. येत्या रविवारी फोन आला की विषय बदलणार नाही, हेच वाक्य चिरंजीवांना ऐकवीन. मग ते बोलतील, मी भांडेन. विजेची शेगडी घेईन, शेजारणीकडे किल्ली ठेवीन, आणखी काय म्हणतील ते ऐकून घेईन. घर मात्र मुकाट्याने सोडणार नाही. तू मधे पडू नकोस. पडलीसच, तर माझ्या बाजूने पड.

आणि त्यांना गाडी काढायला सांग. काठीसकट तुला रोपवाटिकेत आणू देत. आता त्या तांबूस डोळ्यांची पाने झाली असतील. करड्या पानांच्या अजून पुष्कळ कुंड्या तिथे आहेत. मी पाने चोळून धरीन, तू हुंग. सापडले की वास कसा आहे ते मला शब्दांत सांगायचे, सावकाश, काही न गाळता. मला आता तो तेवढाच मिळणार आहे. 'छान' म्हणालीस तर याद राख.

वाट पाहते.

तुझी,
नकटी